बेसबॉलच्या प्लेऑफमध्ये दादा संघ का हरतात, आणि भाकीत नेमकं काय सांगतं

२०२२ साली लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाने साखळीतल्या १६२ सामन्यांपैकी १११ जिंकले. त्यांच्याच गटातला सॅन डिएगो पाद्रेज ८९ विजयांवर थांबला, म्हणजे तब्बल २२ विजय मागे. मोसमात दोघे एकमेकांशी १९ वेळा खेळले आणि त्यातले १४ सामने डॉजर्सनी घेतले. मग ऑक्टोबरात प्लेऑफच्या पाच सामन्यांच्या मालिकेत हेच दोघे समोरासमोर आले. पहिला सामना डॉजर्सनी ५-३ असा जिंकला आणि पुढचे तिन्ही गमावले. चौथ्या सामन्यात तर ते ३-० असे पुढे होते. नऊ इनिंगच्या, म्हणजे नऊ डावांच्या, सामन्यात सातव्या इनिंगमध्ये पाद्रेजनी पाच धावा काढल्या आणि डॉजर्सचा मोसम तिथेच आटोपला.

असं काही घडलं की भाकीत करणाऱ्यांवर सगळे तुटून पडतात. एवढे आकडे, एवढे संगणक, आणि एवढंही सांगता आलं नाही? मला मात्र वाटतं, इथे भाकितावर अन्याय होतो. डॉजर्स जिंकण्याची शक्यता जास्त होती हे खरंच होतं. ती किती जास्त होती, हे कोणी नीट विचारत नाही. आपण विचारू. गणित कागद-पेन्सिलीवर मावेल एवढंच आहे.

सुरुवात एका सामन्यापासून करू. डॉजर्सचे १११ विजय आणि ५१ पराभव, म्हणजे एका पराभवामागे साधारण २.१८ विजय. पाद्रेजचे ८९ आणि ७३, म्हणजे एका पराभवामागे १.२२ विजय. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की १.७९ येतात. याचा अर्थ, या दोघांच्यात पाद्रेज एक सामना जिंकत असतील तर डॉजर्स १.७९ जिंकतील. टक्क्यांत सांगायचं तर एका सामन्यात डॉजर्सची शक्यता ६४ टक्के. बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्या बिल जेम्स यांचं हे सूत्र. अजूनही कुठल्याही अंदाजाची पहिली पायरी हीच असते.

आता मालिका. पाचांतले तीन आधी जिंकेल तो पुढे. डॉजर्स हे तीन प्रकारे करू शकतात. सलग तीन जिंकून ३-० ची शक्यता २६.३ टक्के, वाटेत एक गमावून ३-१ ची २८.४ टक्के, आणि दोन गमावून ३-२ ची २०.४ टक्के. बेरीज ७५. म्हणजे १११ विजयांचा संघ, २२ विजयांची आघाडी, आणि तरीही चारांतल्या एका वेळी पाद्रेज जिंकणार. चारात एक म्हणजे काही चमत्कार नव्हे. पत्त्यांच्या कॅटमधून एक पान ओढलं आणि ते बदाम निघालं तर आपण थक्क होतो का?

शिवाय हे ७५ टक्केही डॉजर्सच्या बाजूने जरा झुकतं माप देऊन काढलेत. कारण आपण गृहीत धरलं की १११ हा आकडा म्हणजेच डॉजर्सची खरी ताकद. तसं नसतं. अगदी बरोबर निम्मे सामने जिंकायच्या लायकीचा एखादा संघ घ्या. त्याचे ८१ विजय व्हायला हवेत. पण केवळ नशिबाच्या हेलकाव्याने हा आकडा साधारण ६ विजयांनी वर-खाली होतो. दर तीन मोसमांतल्या दोनमध्ये तो संघ ७५ ते ८७ च्या दरम्यान कुठेतरी असेल, आणि उरलेल्या एका मोसमात त्याच्याही बाहेर. संघ तोच, खेळाडू तेच, कसब तेच. त्यामुळे यादीत सगळ्यात वर असलेल्या संघाच्या विजयांत थोडा वाटा नशिबाचा असणार हे धरूनच चालावं लागतं. जाणकार अंदाज करताना प्रत्येक संघाला थोडं सरासरीकडे ओढून घेतात, ते याचसाठी. ६४ चे ६० धरले तर पाच सामन्यांत डॉजर्सची शक्यता ६८ टक्क्यांवर येते.

नशिबाचा भाग वेगळा काढायची आणखी एक युक्ती आहे, तीही जेम्स यांचीच. विजय मोजण्याऐवजी धावा मोजायच्या. केलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, दिलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा, आणि पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागायचं. शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या प्रमेयाशी हे दिसायला मिळतंजुळतं, म्हणून नावही त्याचंच पडलं. एका धावेने जिंकलेले सामने बरेचदा नशिबाचे असतात. धावांचा हिशेब संघाची कुवत जास्त प्रामाणिकपणे सांगतो. २०२२ च्या डॉजर्सनी ८४७ धावा केल्या आणि ५१३ दिल्या. सूत्रात घातल्या तर ११८ च्या आसपास विजय येतात. म्हणजे तो संघ पोकळ नव्हताच, धावांच्या हिशेबाने तर आणखी भारी होता. आणि तरी हरला. मला हे उदाहरण आवडतं ते याचमुळे. इथे कुणाला असं म्हणता येत नाही की ते मुळात एवढे चांगले नव्हतेच.

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. बेसबॉलमध्ये ती सोय नाही, आणि त्याचं कारण खेळाच्या घडणीतच आहे. वेगाने आलेला गोल चेंडू गोल बॅटने मारायचा. चेंडू कुठे लागला यात केसभराचा फरक पडला की थेट मैदानाबाहेर जाणाऱ्या होमरनचा सोपा झेल होतो. दहापैकी तीनदा हिट मारणारा बॅटर उत्कृष्ट समजला जातो. उरलेल्या सात वेळा तो बहुतेक बाद होऊनच परततो. एका सामन्यात एका संघाला ९ इनिंगचे मिळून २७ बळी असतात आणि बहुतेकदा चार-पाच धावांत निकाल लागतो. इतक्या थोड्या धावांच्या खेळात एक उसळी, एक चुकलेली फेक, पंचांचा एक निर्णय यांनी पारडं फिरतं. लीगमधला तळाचा संघही सहसा ५०-६० सामने जिंकतो, आणि अव्वल संघही तेवढेच हरतो. बास्केटबॉलमध्ये असं होत नाही. तिथे एका सामन्यात शंभराहून जास्त गुण होतात, दर काही सेकंदांना एक प्रयत्न होतो, आणि कसबाला वर यायला भरपूर वाव मिळतो.

हा फरक किती मोठा, हे तीन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये छापलेल्या एका शोधनिबंधात मोजलं. त्यांचा प्रश्न साधा होता: बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये सात सामन्यांची मालिका चांगल्या संघाला जेवढ्या खात्रीने पुढे नेते, तेवढी खात्री बेसबॉलमध्ये हवी असेल तर मालिका किती सामन्यांची ठेवावी लागेल? उत्तर आलं ७५.

७५! आणि प्रत्यक्षात काय होतं? २०२२ पासून १२ संघ प्लेऑफमध्ये येतात. पहिली फेरी तीन सामन्यांची, दुसरी पाचांची, त्यानंतर दोन लीगपैकी प्रत्येकीची अंतिम फेरी आणि त्या दोन विजेत्यांमधली वर्ल्ड सिरीज सातांची. दोन्ही लीगमधल्या पहिल्या दोन संघांना पहिली फेरी माफ असते. आता असा संघ घ्या जो समोरच्याविरुद्ध प्रत्येक सामन्यात ५५ टक्के वेळा जिंकतो. तीन सामन्यांच्या मालिकेत तो ५७ ते ५८ टक्के वेळा जिंकेल, पाचांच्या मालिकेत ५९, आणि सातांच्या मालिकेत ६१. मालिका दुपटीहून मोठी केली आणि हाती काय लागलं, तीन टक्के. म्हणून पहिली फेरी सातांची करा म्हणजे न्याय होईल, ही मागणी ऐकली की मला प्रश्न पडतो, कोणी हे गुणाकार करून पाहिलेत का?

आणि फेऱ्या गुणल्या जातात, हे लोक सर्रास विसरतात. पहिली फेरी माफ असलेल्या दादा संघालाही तीन मालिका जिंकाव्या लागतात. प्रत्येकीत त्याची शक्यता ६० टक्के धरा. तिन्ही जिंकण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के. म्हणजे ज्याला सगळे विजेतेपदाचा प्रबळ दावेदार म्हणतात, तो दावेदार असूनही पाचांतल्या जवळजवळ चार वेळा रिकाम्या हाताने घरी जातो. २०२३ मध्ये अटलांटा ब्रेव्हज १०४, बाल्टिमोर ओरिओल्स १०१ आणि डॉजर्स १०० विजय घेऊन आले. तिघेही आपापल्या पहिल्याच मालिकेत गारद झाले. शेवटी वर्ल्ड सिरीज खेळले ते ९० विजयांचे टेक्सास रेंजर्स आणि ८४ विजयांचे ॲरिझोना डायमंडबॅक्स.

हे काही आजचं नाही. १९०६ साली शिकागो कब्जनी ११६ सामने जिंकले, तेही १५२ निकाली सामन्यांत, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये गावातल्याच व्हाइट सॉक्सकडून हरले. २००१ मध्ये सिॲटल मरिनर्सनी ११६ विजयांची बरोबरी केली. ते वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचलेच नाहीत. उलट २००६ चे सेंट लुइस कार्डिनल्स साखळीत फक्त ८३ विजयांवर होते आणि चषक घेऊन गेले. आणि १९६० ची वर्ल्ड सिरीज तर मला आकड्यांच्या दृष्टीने सगळ्यात विलक्षण वाटते. न्यूयॉर्क यांकीजनी पिट्सबर्ग पायरेट्सना १६-३, १०-०, १२-० असं धुतलं. सात सामन्यांत यांकीजच्या ५५ धावा आणि पायरेट्सच्या २७. मालिका जिंकली पायरेट्सनी, ४-३ अशी, सातव्या सामन्यात नवव्या इनिंगमध्ये बिल मॅझरोस्की यांच्या होमरनवर. मालिका सामने मोजते, धावा मोजत नाही.

मग भाकीत करणारे एवढं गणित मांडून पुढे काय करतात? साखळीतले आकडे तसेच उचलले तर चालत नाहीत, कारण ऑक्टोबरातला संघ एप्रिलमधला नसतो. कुणी जायबंदी असतो, कुणी जुलैअखेरच्या अदलाबदलीत नव्याने आलेला असतो. सर्वांत मोठा फरक पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा. साखळीत जवळपास रोज सामना असतो, म्हणून सुरुवात करणारे पाच-सहा पिचर पाळीपाळीने येतात. प्लेऑफमध्ये मधे विश्रांतीचे दिवस असतात, त्यामुळे तीन-चार पिचरवर निभावतं आणि पाचवा बाकावर बसतो. ज्या संघाचे पहिले दोन पिचर अफाट आणि बाकीचे यथातथा, तो संघ साखळीत मध्यम दिसतो आणि ऑक्टोबरात भयंकर होतो. २००१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डायमंडबॅक्सनी रँडी जॉन्सन आणि कर्ट शिलिंग या दोघांच्या जोरावर यांकीजना हरवलं. जॉन्सननी दुसरा, सहावा आणि सातवा असे तीन सामने जिंकले. पुढे २०२५ मध्ये डॉजर्सच्या योशिनोबु यामामोतोने अगदी तेच केलं: दुसरा, सहावा, सातवा.

म्हणून चांगला अंदाज मालिकेचा म्हणून एकदम काढत नाहीत. प्रत्येक सामन्यात कोण पिच करणार, सामना कुणाच्या मैदानावर, कोण डावखुरा, कोण थकलेला, हे सगळं धरून सामन्यागणिक वेगळी शक्यता काढतात. मग संगणकावर ती मालिका हजारो वेळा खेळवायची आणि कोण किती वेळा जिंकलं ते मोजायचं. घरच्या मैदानाचा फायदा बेसबॉलमध्ये असतो, पण बेताचाच: यजमान संघ साधारण ५३-५४ टक्के सामने जिंकतो. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सातही सामने पाहुण्या संघाने जिंकले आणि वॉशिंग्टन नॅशनल्सनी १०७ विजयांच्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजना त्यांच्याच घरी पाणी पाजलं.

फॉर्मची चर्चा मात्र मी फारशी मनावर घेत नाही. टीव्हीवर प्रत्येक समालोचक सांगतो की अमुक संघ तापलेला आहे, आता त्याला कोण थांबवणार. २००७ साली कोलोराडो रॉकीज असेच तापले होते. साखळीचा शेवट आणि प्लेऑफच्या पहिल्या दोन फेऱ्या मिळून २२ पैकी २१ सामने जिंकले होते त्यांनी. वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टन रेड सॉक्सनी त्यांचा ४-० ने फडशा पाडला. मधे आठ दिवस रिकामे गेले म्हणून लय बिघडली, असं पुढे म्हटलं गेलं. असेलही. पण जिंकले तर लय आणि हरले तर विश्रांती, अशी दोन्हीकडून लागू पडणारी कारणं भाकिताच्या कामाची नसतात.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू. १ नोव्हेंबर २०२५, टोरंटो, वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना. टोरंटो ब्लू जेज ४-३ ने पुढे. नववी इनिंग, एक बळी गेलेला, विजेतेपदाला दोन बळी कमी. बॅटला आला मिगेल रोहास, डॉजर्सचा नवव्या क्रमांकाचा बॅटर, ज्याची ख्याती बॅटपेक्षा क्षेत्ररक्षणाची. त्याने होमरन मारला, ४-४. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात टोरंटोचे तिन्ही बेस भरलेले, म्हणजे वाटेतल्या तिन्ही थांब्यांवर त्यांचे धावणारे उभे, पुन्हा एकच बळी गेलेला, एक धाव झाली की चषक त्यांचा. जमिनीलगतचा फटका रोहासकडेच गेला. तो अडखळला, तरी सावरून त्याने होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या जागेवर, फेक केली. तिथे उभा असलेला डॉजर्सचा कॅचर (आपल्या यष्टिरक्षकासारखा) विल स्मिथ, त्याचा पाय प्लेटवर आणि धावणाऱ्याचा पाय, यांत अंतर किती ते व्हिडिओ थांबवून बघावं लागलं. बाद. पुढचा फटका उंच, खोल गेला. नुकताच मैदानात उतरलेला अँडी पाहेस आपल्याच साथीदाराच्या अंगावर आदळला आणि झेल हातात ठेवला. अकराव्या इनिंगमध्ये स्मिथने होमरन मारला, आणि आदल्याच दिवशी ९६ चेंडू टाकलेल्या यामामोतोने सामना संपवला. डॉजर्स ५-४. मालिकेतल्या एकूण धावा: टोरंटो ३४, डॉजर्स २६.

स्मिथचा तो पाय प्लेटवर एक क्षण उशिरा पडला असता तर आज टोरंटोच्या संघबांधणीवर लेख लिहिले गेले असते. खेळाडू तेच राहिले असते आणि त्यांची कुवतही तीच. म्हणून निकाल लागल्यावर मागे वळून ‘हे होणारच होतं’ म्हणणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं. ज्या गोष्टीने हा खेळ इतका जिवाला लागतो, तीच ते पुसून टाकतात. भारतात तेव्हा रविवार, २ नोव्हेंबरची सकाळ होती. त्याच रात्री नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर आपल्या महिला संघाने विश्वचषक उचलला, साखळीत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड या तिघांकडून ओळीने हरून, चौथ्या क्रमांकाने बाद फेरीत येऊन. उपांत्य सामन्यात त्यांनी त्याच ऑस्ट्रेलियाला हरवलं आणि अंतिम सामन्यात त्याच दक्षिण आफ्रिकेला.

मग चांगलं भाकीत ओळखायचं कसं? एका मालिकेवरून ते ओळखता येत नाही. ज्याने ६० टक्के म्हटलं होतं, त्याच्या ६० टक्केवाल्या सगळ्या मालिका गोळा करायच्या. त्यातल्या शंभरापैकी साठच्या आसपास खऱ्या ठरल्या तर तो चोख आहे. ऐंशी खऱ्या ठरल्या तर तो बिचकत बोलतो, हातात जास्त माहिती असून कमी सांगतो, आणि हाही दोषच. पण वर्षाला प्लेऑफच्या मालिका होतात फक्त ११. एखाद्याचा कस लागायला कित्येक मोसम जावे लागतात, आणि तेवढा धीर कुणाला असतो? एका ऑक्टोबरात बरोबर ठरलेल्या माणसाला आपण लगेच डोक्यावर घेतो. माझ्या लेखी विश्वास ठेवण्याजोगा तो, जो आधी टक्केवारी सांगतो, ती लिहून ठेवतो आणि दहा वर्षांनीही मागची वही उघडून दाखवतो.

तोवर वाचकाने स्वतः करून बघावी अशी एक तपासणी आहे. समजा कुणी ठासून सांगितलं की सात सामन्यांच्या मालिकेत अमुक संघ ८० टक्के जिंकणार. उलटा हिशेब करा. सातांत ८० टक्के यायला एका सामन्यात ६५ टक्के लागतात. समोरचा संघ ९० विजयांचा असेल, आणि प्लेऑफमध्ये साधारण तसेच संघ भेटतात, तर एका सामन्यात ६५ टक्के मिळवायला स्वतःचे ११३ विजय हवेत. आणि एका मोसमातला आजवरचा विक्रम आहे ११६ चा.